कूलर तर करंट मारतेच

नागपुरात कूलरला हात लावायची एक रीत आहे. हात सरळ लावायचा नाही, उलटा लावायचा. बोटांची मागची बाजू पत्र्याला हलकेच टेकवायची आणि झिणझिण्या आल्या की हात झटकन मागं घ्यायचा. तळहातानं धरलं आणि करंट असला तर मूठ आवळते, सुटत नाही, म्हणून उलटा. मार्च संपत आला की कूलर माळ्यावरून खाली निघतात, बाजूच्या गवताच्या ताट्या बदलतात, आणि घरातलं रांगतं लेकरूही मोठ्यांकडे बघून हात उलटा करायला शिकतं. पायात चप्पल हवी, हात कोरडे हवेत. एवढं करूनही झटका बसलाच तर माणूस हसतो आणि म्हणतो, "कूलर तर करंट मारतेच."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले. आता कुणी म्हटलं की माझं डोकं सणकतं. मारतेच म्हणजे काय? तो काय मारका बैल आहे? दुकानातून विकत आणलेली वस्तू आहे ती.

माझा नवरा खापरखेड्याच्या वीज केंद्रात इलेक्ट्रिकल विभागात होता. लग्नानंतरची सगळी वर्षं आम्ही तिथल्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये काढली. ते ड्यूटीवर, मी शिलाई मशीनवर. अख्ख्या कॉलनीचे ब्लाउज मी शिवले. निवृत्तीनंतर कोराडी रोडच्या आत एका लेआउटमध्ये घर बांधलं. मुलगा तेव्हाच पुण्याला नोकरीला लागला होता, त्यामुळे घरात आम्ही दोघंच.

घराचा पाया खणला तेव्हा देवघर कुठं, ओटा कुठं असल्या चौकशा लोक करतात. आमच्याकडे बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोची जागा ठरली आणि लगेच यांनी विचारलं, अर्थिंगचा खड्डा कुठं? मागच्या अंगणात माणूसभर खड्डा खणून घेतला. त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. वर एक पाइप ठेवला. उन्हाळ्यात रोज सकाळी त्या पाइपात बादलीभर पाणी ओतायचं, म्हणजे जमीन ओली राहते आणि चुकार करंट निमूट जमिनीत जातो. मी चिडवायची, "तुळशीले पाणी घालतात लोक, तुम्ही मिठाले घाला." ते म्हणायचे, "अवं, घरातला करंट कुठं पळाला तर त्याले जायला रस्ता पाहिजे. रस्ता नसला तर तो माणसातून जाते." असं सांगताना त्यांचा चेहरा मास्तरासारखा व्हायचा आणि मला हसू यायचं.

सांगायचं हे की माणूस असा होता. बल्ब बदलायचा तरी मेन स्विच पाडणार. इस्त्री आणली तर आधी स्क्रू काढून आत बघणार, मग माझ्या हातात देणार. मिक्सर, गीझर, माझ्या मशीनची मोटर, सगळं त्यांनी एकदा उघडून पाहिलेलं होतं. फक्त एक वस्तू उघडली नाही.

जुना कूलर गंजून खाली गळायला लागला म्हणून आम्ही नवा आणायला गेलो. दुकानात ओळीनं कूलर उभे होते. यांनी सवयीप्रमाणे दुकानदाराला म्हटलं, "मागचं झाकण खोला, मले आतली वायरिंग पाहू द्या." दुकानदारानं झाकणाच्या स्क्रूवर चिकटवलेला चंदेरी कागद दाखवला. "काका, कंपनीचं सील हाये. ते तुटलं तर वॉरंटी गेली. घरी पण खोलू नका. काही झालं तर आमचा माणूस येईल."

हे जरा रेंगाळले. मग प्लग हातात घेऊन पाहिला. प्लग तीन पिनांचा होता. तिसरी, वरची जाड पिन अर्थिंगची असते, हे त्यांच्यासोबत राहून मलाही पाठ झालं होतं. ते म्हणाले, "तिसरी पिन तर हाये. देल्ली म्हणजे जोडलीही असन." सरकारी नोकरीत आयुष्य गेलेला माणूस. नियम छापलेला दिसला की पाळायचा. सील तोडू नका म्हटलं, नाही तोडलं.

घरी आल्यावर टेस्टर लावून पाहिला. लाल दिवा लागला नाही. खिडकीत स्टँडवर कूलर बसवला आणि आम्ही दोघं समोर बसून गार हवा खाल्ली.

दुसऱ्या उन्हाळ्यात, नवतपा म्हणजे मे अखेरचे नऊ जाळते दिवस सुरू असताना, ते गेले.

दुपारची जेवणं झाली होती. मी मशीनवर बसले होते, एका नवरीचे ब्लाउज द्यायचे होते. कूलर सुरू होता, पण हवा भिंतीवर जात होती आणि मी घामानं चिंब. मी काही बोललेही नाही. पदरानं मान पुसली, एवढंच. त्यांनी पाहिलं, पलंगावरून उठले आणि कूलरच्या समोरच्या जाळीतल्या पट्ट्या माझ्याकडे वळवायला गेले. एक पट्टी वळवली, दुसरी वळवली. गार झोत माझ्या गळ्यावर आला. मी मान वर करून म्हटलं, "बस बस, आली हवा." त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांचा हात तिथंच होता.

मी प्लग ओढला. त्यांनीच शिकवलेलं होतं, आधी माणसाला हात लावायचा नाही, आधी प्लग ओढायचा. ओढला. ते खाली पडले. शेजारच्यांनी ऑटो आणला, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

माणूस गेल्याचं दुःख कसं असतं ते मी काय सांगू, ज्याचं जातं त्याला कळतं. पण त्यावर दुसरं एक आलं. ते मला अजून जाळतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. भन्तेजींचं सूत्रपठण झालं, लोक जेवायला बसले. मी आतल्या खोलीत होते, दार लोटलेलं. बाहेर यांच्याच जुन्या नोकरीतले लोक बोलत होते. एक म्हणाला, "जन्मभर लाईनीत काम केलं आन् घरच्या कूलरनं मारलं. सांगा आता." दुसरा म्हणाला, "पायात चप्पल नव्हती म्हणे. ओल्या हातानं लावला असन. वय झालं की माणूस बेफिकीर होते." तिसरा म्हणाला तेच, "कूलर तर करंट मारतेच."

कुणी वाईट मनानं बोललं नाही. वरण वाढता वाढता बोलले, हळहळून बोलले. पण बेफिकीर! ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या जिवासाठी स्विच पाडले, त्याच्या नावावर शेवटी हाच शब्द राहणार? हात ओले नव्हते. मी समोर होते, मी पाहिलं. आणि पायात चप्पल नव्हती, तर का असावी? आपल्याच घरात, आपल्याच फरशीवर माणसानं चपला घालून हिंडायचं का, केवळ कुणी तरी कूलर नीट बनवला नाही म्हणून?

काही दिवसांनी मी दुकानात गेले. दुकानदारानं पाणी दिलं, "लय वाईट झालं काकू," म्हणाला. मग तोंड आलंच त्याच वाक्यावर. "पण कसं हाये, कूलर म्हटला का थोडाफार करंट येतेच. जरा सांभाळून राहावं लागते."

मी म्हटलं, "मी ब्लाउज शिवते. काखेत दाटला तर बाई परत आणते, मी उसवून देते. तिले असं नाही सांगत का बाई, ब्लाउज म्हटला का काखेत काचतेच, तू हात वर करू नको."

तो कंपनीकडे कळवतो म्हणाला. कंपनीचं उत्तर आलं, इंग्रजीत. मुलानं फोनवर अर्थ सांगितला: अपघात वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणानं झाला, कंपनीची जबाबदारी नाही. बेफिकीर हा शब्द माझ्या घरात उठलेला, आता तो छापूनही आला होता.

त्या दिवशी मी ठरवलं. मला यातून एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी, ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा कुणीतरी, म्हणावं की या माणसाची काही चूक नव्हती. बस.

शेजारी एक वकीलबाई राहतात. त्यांनी सांगितलं की जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आपलं आपण बोलता येतं. आणि एक गोष्ट बजावली. "काकू, तो कूलर फेकू नका. दुरुस्त करू नका, उघडू नका, सील तसंच राहू द्या. तोच तुमचा साक्षीदार."

अरे बाप्पा! म्हणजे ज्यानं माझा माणूस खाल्ला त्यालाच घरात ठेवून घ्यायचं. ठेवला. खिडकीतून काढून समोरच्या व्हरांड्यात उभा केला, वर यांचीच जुनी चादर टाकली. जाता येता तो दिसायचा. सकाळी दार उघडलं की आधी तो. समोर राहणाऱ्या वहिनी दर आठवड्याला म्हणायच्या, "काहून ठेवला वं तो? अपशकुनी हाये. देऊन टाका भंगारात." भंगारवाला गल्लीत आला की हाक मारायचा. मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, फेक ते. बघून बघून वेड लागेल तुला." एसी घेऊन देतो म्हणाला. मला एसी नको होता, कूलर तर नकोच. पंख्याखाली दोन उन्हाळे काढले. नागपूरचा मे महिना पंख्याखाली काढणं म्हणजे काय, ते नागपूरकराला सांगावं लागत नाही. ओला टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि मशीन चालवायची.

रोज सकाळी अर्थिंगच्या पाइपात पाणी मात्र मी ओतत राहिले. ज्याचं कुणाला सांगायचं नाही असं एक काम असावं लागतं माणसाला.

आयोगाच्या कचेरीत तारखेला जायचं म्हणजे माझी दिवसभराची तयारी. मी इस्त्रीची साडी नेसायची, डबा घ्यायची. कॉरिडॉरमध्ये बाकावर नंबर येईपर्यंत बसून राहायचं. समोरच्या भिंतीवर ग्राहकांच्या हक्कांचा मोठा फलक होता. पहिल्या दिवशी मी तो वाचला आणि मनात म्हटलं, हे सगळं शाळेच्या पुस्तकातलं, परीक्षेपुरतं. नंतर तारखेतारखेला वाचत गेले आणि एकेक ओळ मला ओळखीची वाटायला लागली. सुरक्षिततेचा हक्क: म्हणजे माझ्या घरात मी अनवाणी चालायचा हक्क. माहितीचा हक्क: म्हणजे त्या चंदेरी कागदाच्या आत काय दडलंय ते मला सांगितलं पाहिजे होतं. निवडीचा हक्कही होता खाली. पण दुकानातले सगळे कूलर सील लावलेले, त्यातून काय निवडणार? रंग?

आणि एक होता, आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क. तो वाचून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. हाही काय कायद्यानं द्यायचा हक्क आहे? मग घरी गेले, कुलूप उघडलं, साडी बदलली, चहा केला, आणि लक्षात आलं की आज दिवसभरात मला "बोला" असं फक्त एकाच माणसानं म्हटलं होतं. आयोगाच्या अध्यक्षबाईंनी. खुर्चीवरून माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या होत्या, "बोला, तुमचं काय म्हणणं आहे?" आणि मी सांगत होते तोवर मान खाली घालून लिहून घेत होत्या. घरात मी आणि भिंती. मुलगा बिचारा रविवारी फोन करतो, पण तो विचारतो, "जेवलीस का? गोळ्या घेतल्यास का?" मी हो म्हणते आणि फोन संपतो. गिऱ्हाईक येतं, गळा किती खोल, बाही किती लांब, एवढं बोलतं. ज्याच्याशी मी दिवसभर भांडायची तो एकच माणूस होता, आणि तो गेला होता. मी तारखेची वाट पाहायला लागले, हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. समोरच्यांचा वकील पुढची तारीख मागायचा आणि मी वरवर चिडायची.

मग एकदा दुकानदार घरी आला. सोबत कंपनीचा एक गोड बोलणारा माणूस होता. व्हरांड्यात कूलरजवळच्या खुर्च्यांवर बसले. कंपनीचा माणूस म्हणाला की तुम्हाला या वयात खेटे घालायला लावणं आम्हाला बरं वाटत नाही, आपण आपसात मिटवू. रक्कम सांगितली. ती लहान नव्हती. सोबत नवा कूलरही देऊ म्हणाला. नवा कूलर! मग त्यानं कागद पुढं केला. मराठीत होता, मला वाचता आला. तक्रार मागे घेते वगैरे ठीक होतं. मधे एक ओळ होती: सदर अपघात वापरकर्त्याच्या असावधानतेमुळे झाला हे मला मान्य आहे.

"ही ओळ काढा," मी म्हटलं. "बाकी जिथं म्हणाल तिथं सही करते. रक्कमही नको."

तो गोड हसला. "काकू, तीच ओळ तर पाहिजे असते वरच्या लोकांना. नुसती औपचारिकता आहे."

विचार करून सांगते म्हटलं. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, सही कर. बाबांना काय फरक पडतो आता? तू इकडे ये. मला तुझी काळजी वाटते गं." लेकराचं काही चुकत नव्हतं. आणि मी थकले होते. खरंच थकले होते. पुण्याला सून आहे, नात आहे, जेवायला ताटावर चार माणसं आहेत. एका ओळीसाठी किती दिवस एकटं कुढत बसायचं? दुसऱ्या दिवशी सही करायची असं मी मनाशी पक्कं करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन व्हरांड्यात बसले. समोरच्या वहिनींकडे उन्हाळ्याचा कूलर नुकताच लावला होता. त्यांची नात, जेमतेम चालायला शिकलेली पोट्टी, फ्रॉक घालून कूलरपाशी गेली. आणि तिनं आपला एवढासा हात उलटा केला. बोटांची मागची बाजू पत्र्याला टेकवली, झटकन मागं घेतली, आणि वळून आजीकडे बघून खुदकन हसली. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. "पाहा वं काकू, कशी हुशार हाये. कोणी शिकवलंही नाही!"

मी तशीच उठून समोर गेले, पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि वहिनींवर ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. "टाळ्या कायच्या वाजवता? तिचे हात काय करंट पाहायले देल्ले का तिच्या मायनं?" असं काहीतरी. वहिनी रागावल्या, महिनाभर बोलल्या नाहीत. होतं तेवढं एक बोलणंही गेलं. पण कागदावर सही झाली नाही. मी तो दुकानदाराच्या दुकानात नेऊन त्याच्या काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, "तारखेले भेटू."

शेवटी आयोगानं एक तज्ज्ञ नेमला. दोन्ही बाजूंसमोर कूलर उघडायचा, असं ठरलं. तो दिवस उजाडला तेव्हा माझ्या व्हरांड्यात तज्ज्ञ, कंपनीचा वकील, दुकानदार आणि मी असे उभे होतो. मी चादर काढली. समोरच्या जाळीच्या पट्ट्या तशाच होत्या, एका बाजूला वळवलेल्या. तज्ज्ञ सहज त्या सरळ करायला गेला. "हात नका लावू!" मी इतक्या जोरात ओरडले की तो दचकला. मग मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यानं हात काढला आणि "बरं ताई," म्हणाला.

आधी त्यानं सील पाहिलं. चंदेरी कागद धुळीनं मळला होता, पण अखंड होता. तसं त्यानं सगळ्यांना दाखवलं. मग तो फाडला, स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं. प्लगपासून येणारी वायर आत शिरत होती. आतमध्ये तिच्या तीन तारा सुट्या झाल्या होत्या. दोन मोटरकडे गेल्या होत्या; त्यातल्या एकीचं आवरण पत्र्याच्या कडेवर घासून उघडं पडलं होतं. तिसरी, हिरवी, आत येऊन नुसतीच लोंबत होती. कशालाच जोडलेली नव्हती. तिच्यापासून वीतभर अंतरावर पत्र्यात तिच्यासाठी केलेलं भोकही होतं. त्यात स्क्रू नव्हता.

एका स्क्रूचं काम होतं. घरात मीठ होतं, कोळसा होता, तांब्याची पट्टी होती, रोज बादलीभर पाणी होतं. करंटला जायला रस्ता माझ्या नवऱ्यानं दारापर्यंत बांधून ठेवला होता. फक्त ती हिरवी तार तिथंवर आली नाही. मी खाली बसले. दुकानदारानं पाणी आणायला धावाधाव केली. त्याचाही चेहरा उतरला होता. आत काय आहे हे त्यालाही माहीत नसावं.

वकील मात्र वकीलच. तो म्हणाला, "आजी, तुमचे मिस्टर तर या विषयातले जाणकार होते. त्यांनी आधी उघडून का पाहिलं नाही? ही त्यांची चूकच नाही का?"

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "त्यांनी दुकानातच मागितलं होतं खोलून. तुम्ही नाही म्हटलं. खोललं तर वॉरंटी जाईल म्हटलं. तुमचं ऐकलं, हेच त्यांचं चुकलं का? तसं लिहून द्या मंग."

दुकानदार खाली बघत म्हणाला, "हो, मागितलं होतं काकांनी." वकिलानं त्याच्याकडे रागानं पाहिलं. तज्ज्ञानं ते लिहून घेतलं.

निकाल लागला त्या दिवशी मी नेहमीची साडी नेसले, डबा घेतला. अध्यक्षबाईंनी वाचून दाखवलं. कूलर सदोष होता. अर्थिंग जोडलेलं नव्हतं. ही गोष्ट ग्राहकाला कळण्याचा मार्ग सीलनं बंद केला होता. आणि मग ती ओळ आली: मृताचा कोणताही निष्काळजीपणा दिसून येत नाही. बाई पुढं वाचत गेल्या, भरपाई वगैरे. मी ते ऐकलंच नाही. त्या थांबल्यावर मी विचारलं, "मॅडम, ती ओळ पुन्हा एकदा वाचता का?" त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचली.

बाहेर आले. त्या फलकासमोरच्या बाकावर बसून डबा खाल्ला. मग लक्षात आलं की आता इथं यायचं काही कारण उरलं नाही.

मी सगळ्यांना फोन केले. यांच्या नोकरीतल्या त्या मित्रांना, नणंदेला, भाच्याला. सगळ्यांनी अभिनंदन केलं, सगळ्यांनी विचारलं, "किती भेटले?" मी ती ओळ वाचून दाखवायची, ते म्हणायचे, "हो ना, हो ना, पण किती भेटले?" मुलगा एकटा असा निघाला की त्यानं आकडा विचारला नाही, फोनवर लहानपणी रडायचा तसा रडला. आईला सही कर म्हटलं होतं, ते त्याला खात असावं. मी म्हटलं, "रडू नको बेटा. तुझं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं." मग त्यालाही बरं वाटलं असावं. जेवलीस का, असं विचारून त्यानं फोन ठेवला.

ज्याला हे सांगायचं होतं, त्याला सांगता आलं नाही. माझं सगळं भांडण त्याच्यासाठी होतं आणि ते जिंकल्याचं कळलं त्याच्याशिवाय सगळ्यांना.

आता कूलरची गरज उरली नव्हती. भंगारवाल्याला मी स्वतः हाक मारली. त्यानं चादर काढून कूलर चारी बाजूंनी पाहिला आणि त्याचे डोळे चमकले. "बाई, हा तं नवाच हाये! तोडत कायले? थोडा कलर मारला का कोणी गरीब माणूस आरामात घेऊन जाईल. तुमाले पण जास्त देतो."

"नाही," मी म्हटलं. "इथं माझ्यासमोर तोड. एक पत्रा धड राहिला नाही पाहिजे."

"बाई, चालू माल हाये..."

"चालू हाये म्हणूनच तोड."

त्याला वाटलं बाई बयताड आहे. पण त्यानं हातोडा काढला. मी खुर्ची टाकून समोर बसले. मोटर वेगळी झाली, टाकी चेपली, पत्रे दुमडले. आवाजानं समोरच्या वहिनी बाहेर आल्या, नात कडेवर होती. त्या फाटकापाशी उभ्या राहिल्या. भंगारवाला समोरच्या जाळीवर हातोडा मारणार, तेवढ्यात मी म्हटलं, "ती राहू दे. तिच्यात करंट नाही. तशीच ने."

वहिनी फाटकातून म्हणाल्या, "काकू, आमच्या कूलरची ती हिरवी तार पाहायले कोणाले बोलवावं लागन वं?" मी त्यांना आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनचा नंबर दिला. यांनीच त्याला काम शिकवलं होतं.

भंगारवाल्यानं सगळं हातगाडीवर रचलं आणि सर्वात वर ती जाळी ठेवली. गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी दारात उभी होते. पट्ट्या अजून वळलेल्याच होत्या, जशा यांनी वळवल्या होत्या तशा. मी हाक मारून ती परत मागू शकले असते. नाही मागितली. घरात कुठं लावणार होते ती?

मग मागच्या अंगणात गेले. सकाळचं पाणी राहून गेलं होतं. पाइपात बादली ओतली आणि खाली जाणारा आवाज थांबेपर्यंत तिथंच उभी राहिले. म्हटलं, "तुमची काही चूक नव्हती. असं लिहून देल्लं त्यांनी." पाणी जिरलं.

आत येऊन मशीनवर बसले. एका पोरीचा ब्लाउज द्यायचा होता. थोड्या वेळानं घाम आला, तशी मी पदरानं मान पुसली आणि सवयीनं मान वर करून पलंगाकडे पाहिलं. पलंगावर कुणी नव्हतं. मग मीच उठले आणि पंखा वाढवला.